मुरमाची खाण आणि त्रिवेणीबाईंचा अभिप्राय

त्रिवेणी बिरादार यांना आदर वाटावा असं माणूस हैदराबादेत अजून सापडलेलं नव्हतं, आणि त्या शोधायलाही कुठे गेल्या नव्हत्या. नल्लकुंट्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. खाली येणारा भाजीवाला चोर, वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्रोफेसर रिकामा डबा, आणि शेजारच्या भाग्यलक्ष्मी सकाळी गच्चीत प्राणायाम करायच्या ते यांच्या मते उठून बसून घोरणं होतं. नवरा अनिल बँकेतला. संसाराच्या पहिल्याच वर्षी तो गप्प बसायला शिकला होता, त्यामुळे त्याच्याविषयी बाईंची विशेष तक्रार नव्हती.

वडील उदगीरकडचे. गावाकडची जमीन भावकीत वाटून संपली तेव्हा ते सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात चिकटले आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांसमोर ठाण उलगडत राहिले. गिऱ्हाईक दहा ठाणं उलगडायला लावून काही न घेता निघून गेलं, की घरी येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. दुकानात मात्र तोंडावर हसू. मुलीनं वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केली, पण वारसा बापाचाच घेतला.

बरकतपुऱ्यात एका फ्लॅटमध्ये पर्यावरणाचे अहवाल तयार करणारी कंपनी होती. तिथे त्या नोकरीला. मालक मिलिंद, पुण्याचा. बायको मेधा आयटीत, म्हणून तो हैदराबादेत आला आणि इथली हवा, माती, पाणी यांचा तज्ज्ञ होऊन बसला. ‘शाश्वत’ हा शब्द तो इतक्या वेळा वापरायचा, की चहावाल्यानं एकदा हे साहेबांचं आडनाव आहे का म्हणून विचारलं होतं. त्रिवेणीबाई त्याला पाठीमागे ‘पुरणपोळी’ म्हणत. वरून तूप, आत गोड, आणि खाल्ली की झोप.

धंदा असा. रस्ता रुंद करायचा तर मुरूम लागतो. लांबून आणणं परवडत नाही, म्हणून रस्त्याच्या कडेलाच खणतात. आधी खड्डा असतो, मग त्याची खाण होते, आणि खाणीला एकदा मुरमाची चटक लागली की ती शेजारच्या रानात तोंड घालते. अशी वाढ करायची तर त्यानं आसपासचं काय बिघडेल, आणि बिघडू नये म्हणून काय करणार, याचा अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल कुणी द्यायचा? ज्याला खणायचं आहे त्यानं. म्हणजे त्याच्या पैशानं मिलिंदनं. चोरानंच पंच निवडायचे आणि पंचांना जेवणही चोरानंच घालायचं, असं त्रिवेणीबाई ऑफिसच्या मोरीत कप विसळताना मोठ्यानं म्हणायच्या. सगळे हसायचे. मिलिंदही हसायचा. मग कप पालथा घालून बाई खुर्चीवर बसायच्या आणि टाइप करायच्या: ‘परिणाम नगण्य.’

झाडं, पाखरं आणि पाणी ही त्यांची खाती. शिवाय व्यवस्थापनाचा आराखडा. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारू, कडेनं झाडांच्या तीन रांगा लावू, खणून झाल्यावर काठ उतरते करून खड्डा बुजवू. इतक्या वर्षांत बुजवलेला एकही खड्डा बाईंनी पाहिला नव्हता. दिसला असता तर त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं असतं.

झाडांच्या रांगांची गोष्ट तर त्या पाहुण्यांना सांगायच्या. बबलूसेठ नावाचे एक खाणमालक होते. दोन बोटांत अंगठ्या, गळ्यात मफलर, मे महिन्यातसुद्धा. त्यांच्या खाणीची पाहणी असली की आदल्या दिवशी नर्सरीतून टेम्पो भरून रोपं यायची. रोपं पिशवीसकट गळ्यापर्यंत मातीत पुरायची, पाहणी झाली की उपटून परत. भाड्यानं. एकदा बाईंनी सेठना विचारलं, “सेठ, तीन साल से ये कडुलिंब उतनाच है. बीमार है क्या?” सेठ अजिबात ओशाळले नाहीत. “मॅडम, पौधे को भी टाइम लगता ना. आप काइकू परेशान होते? चाय पियो.” बाईंनी चहा घेतला, रोपांचा फोटो काढला आणि अहवालात लावला. हा प्रसंग सांगताना त्या सेठची नक्कल इतकी हुबेहूब करायच्या, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आपण हसलो म्हणजे आपण त्यात नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटत असे.

त्याच बबलूसेठना रिंग रोडपलीकडची खाण वाढवायची होती. मे महिन्यात बाई पाहणीला गेल्या. आता कुणी विचारेल, पाण्याची पाहणी मे महिन्यात कशाला? तर नियमच असा, की पाहणी एका ऋतूची पुरते आणि तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही चालतो. उन्हाळा सगळ्यांना सोयीचा. ओढे कोरडे, बेडूक गप्प, पाखरं सावलीत. काहीच नसतं, तेव्हा बिघडायलाही काही नसतं.

खाणीच्या मागच्या अंगाला ताडाच्या झाडांचा एक लांबट उंचवटा होता आणि त्याच्या पोटाशी भेगाळलेली खोलगट जमीन. नकाशात ती ‘पडीक’ होती. बाईंनी एका नजरेत ओळखलं. हा कुंटा, पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं. उंचवटा म्हणजे त्याचा कट्टा, मातीचा बांध, आणि कट्ट्याखाली पाणी सोडायची जुनी दगडी मोरी. पाऊस झाला की इथे पाणी भरणार आणि बतुकम्माच्या सणाला गावच्या बायका इथेच फुलं सोडणार. पडीक म्हणे! नकाशा काढणाऱ्यानं खुर्चीतून बूड उचललं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

कट्ट्याच्या पलीकडे हिरवे वाफे दिसले. पालक, अंबाडी, पुदिना, कोथिंबीर. मे महिन्यात. एक बाई वाकून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. बाईंनी तेलुगूत विहीर कुठे आहे विचारलं. उत्तरही तेलुगूतच आलं, पण त्या बाईनं मग जुडी बांधता बांधता स्वतःशी मराठीत म्हटलं, “आता ह्या कोन आल्या?”

“मराठी बोलता?” त्रिवेणीबाई म्हणाल्या.

ती बाई ताठ उभी राहिली. “अगं माय! तुमी बी मराठी बोलायलाव की!”

तिचं नाव सुशीलाबाई. पणजोबाच्या वेळेला घराणं इकडे आलं. दारात तेलुगू, चुलीपाशी मराठी, असं चार पिढ्या चाललेलं. मुलगा रितेश शहरात डिलिव्हरीच्या गाडीवर, त्याला मराठी समजे पण बोलताना तो हिंदीत घसरे. त्यामुळे घराबाहेरचं कुणी तिच्या भाषेत बोललं, याचंच सुशीलाबाईला केवढं अप्रूप. गाव कुठलं, उदगीरकडचं का, मग तर आपलीच, असं म्हणत तिनं ताक आणलं. विहीर दाखवली. विहीर उथळ होती आणि तळाशी पाणी चमकत होतं.

“आजवर आटली नाही, अक्का. कुंट्याचं पाणी मुरतं ना हिच्यात.” मग तिनं आवाज खाली आणला. “सेठची खाण हिकडं यायली म्हणतात. माझी विहीर राहील का?”

त्रिवेणीबाईंनी विहिरीच्या कडा पाहिल्या. वर मुरूम, खाली कातळ. पाणी मुरमात साठतं आणि कातळावर अडतं. शेजारी कातळापर्यंत खणलं की ते तिकडे निथळून जाणार. राहत नाही, हे त्यांना तिथेच कळलं. पण हे सांगून काय उपयोग? ही उद्या गाव गोळा करणार, गाव चार दिवस ओरडणार, सेठ देवळाला रंग देणार आणि गाव घरी जाणार. असली नाटकं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

“जनसुनावणी होणार आहे,” त्या म्हणाल्या. “तिथं विचारा. मी असते.”

“तुमी असताव ना? मग झालं.” सुशीलाबाईनं निघताना कोथिंबिरीच्या दोन जुड्या हातात कोंबल्या.

ऑफिसात बाईंनी मसुद्यात ‘कुंटा’ असं लिहिलं खरं. मिलिंद वाचायला घेऊन आला.

“त्रिवेणीताई, तुम्हाला प्रत्यक्ष पाणी दिसलं का तिथे?”

“मे महिन्यात?”

“म्हणजे नाही दिसलं. मग आपण जे दिसलं तेच लिहायला हवं ना? आपण शास्त्रीय काम करतो.”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर दाराबाहेर गेला असता. “हौ. तुमचे वडील पुण्यात आहेत, इथं दिसत नाहीत. त्यांनाही पडीक लिहू का?” शेजारच्या टेबलावरचा ओमकार पोट धरून हसला. मिलिंदही हसला, पण मसुदा घेऊन तिथेच उभा राहिला. मग बाईंनी ‘कुंटा’ खोडला आणि ‘खोलगट पडीक जमीन’ असं टाइप केलं. विहिरीपुढे ‘परिणाम नगण्य’. संध्याकाळी घरी त्यांनी अनिलला हा वडिलांचा विनोद दोनदा सांगितला.

जनसुनावणीला शाळेच्या मैदानात शामियाना पडला. पुढे सोफे, मागे लाल खुर्च्या, सगळ्यात मागे बिर्याणीची पाकिटं. पाकिटं दिसतील अशीच ठेवलेली, म्हणजे लोक शेवटपर्यंत थांबतात. सेठनं दोन ट्रॅक्टर भरून माणसं आणली होती. एक जण उठून म्हणाला, खाणीमुळे तरुणांना काम मिळेल. दुसरा तेच म्हणाला. तिसरा पाठ केलेलं विसरला आणि सेठकडे बघत उभा राहिला. अध्यक्ष साहेब मांडीवरच्या फोनमध्ये क्रिकेटचा स्कोअर बघत होते. मिलिंदनं पडद्यावर हिरव्यागार डोंगराचं चित्र लावलं होतं, ते हिमाचलातलं असावं. त्रिवेणीबाई खुर्चीत मागे रेलून एकेकाला मनात टोपण नावं देत होत्या. त्यांचा वेळ छान चालला होता.

मग सुशीलाबाई उठली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मागे शेजारच्या रानांतल्या सात-आठ बाया आणि दोघं-तिघं म्हातारे. ती तेलुगूत बोलायला लागली, पण एवढ्या माणसांत तिची तेलुगू अडखळली. ट्रॅक्टरमधली माणसं हसली. कुणीतरी शिट्टी मारली. ती गोंधळली, पानांवरच्या धुळीचं बोलली, मग देवीचं काहीतरी बोलली, मग पुन्हा धुळीवर आली. अध्यक्षांनी फोनवरून मान वर केली. “हिला काय पाहिजे?”

सुशीलाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिला त्रिवेणीबाई दिसल्या. तिचा चेहराच बदलला. सरळ मराठीत तिनं विचारलं, “अक्का, तुमीच सांगा. माझ्या विहिरीचं पाणी जाईल का?”

सगळा शामियाना वळून बघू लागला. मिलिंदनं माइक बाईंच्या हातात दिला आणि कानात म्हणाला, “दोन शब्द बोला आणि संपवा.”

बाईंच्या हातात माइक होता आणि उत्तर माहीत होतं. त्यांनी समोर पाहिलं. फोनवाले अध्यक्ष, मफलरवाला सेठ, बिर्याणीकडे डोळे लावून बसलेली गर्दी, हिमाचलच्या डोंगरापुढे उभी पुरणपोळी. या असल्या लोकांपुढे खरं बोलायचं? त्यांना ते स्वतःच्या इभ्रतीला शोभेल असं वाटलं नाही. खरं बोलायलाही समोर माणसं लागतात, ही तर जत्रा. परवानगी मिळणारच आहे, मग आपण कशाला नाचायचं? आणि ही खुळी बाई, हसू करून घेते आहे स्वतःचं. तिला खाली बसवावं, एवढी कीव मात्र त्यांना आली.

“काही होत नाही, सुशीलाबाई,” त्या मराठीत म्हणाल्या. “बसा खाली.”

सुशीलाबाई लगेच बसली. मागे वळून तिनं बायांना काहीतरी तेलुगूत सांगितलं. एका म्हाताऱ्यानं खिशातून काढलेला कागद घडी घालून परत खिशात ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाची हरकत? कुणाची नव्हती. मिलिंद परतताना गाडीत म्हणाला, “ताई, तुम्ही परिस्थिती फार छान हाताळलीत.” त्या म्हणाल्या, “गाढवांच्या बाजारात हाताळायचं काय असतं?” आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

परवानगी आली. पुढच्या वर्षीच्या पावसाच्या आधीच यंत्रं कट्ट्याला भिडली.

खाण चालू झाली की अटी पाळल्या जातात की नाही, याचा अहवाल अधूनमधून द्यावा लागतो. तो देणंही मिलिंदच्याच कंपनीकडे. पावसाळा सरल्यावर बाई तिथे गेल्या. वाटेतच त्यांना गाड्यांची रांग लागली. बबलूसेठच्या खड्ड्याच्या तळाशी निळंशार पाणी साठलं होतं आणि काठावर लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेत होती. एक मुलगी पांढऱ्या झग्यात मुरमाच्या ढिगावर हात पसरून उभी होती, खाली एक पोरगा तिच्या झग्यात पंख्यानं वारा भरत होता. गेटवर सेठचा माणूस पार्किंगची पावती फाडत होता. त्रिवेणीबाईंना आनंद झाला. घरी सांगायला एवढं सुंदर काही बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. पांढऱ्या झग्याला काय नाव द्यावं, या विचारातच त्या कट्ट्यावर चढल्या.

कुंटा कोरडा होता. एवढ्या पावसानंतर कोरडा. बतुकम्माची फुलं भेगाळलेल्या मातीवर तशीच पडून वाळली होती. कुंट्यात आलेलं सगळं पाणी मुरमातून खाली खाणीत उतरलं होतं आणि तिथे त्याचे फोटो निघत होते.

पलीकडे सुशीलाबाई दिसली. वाफ्यांत हिरवं पान नव्हतं. पण वाफे बांधलेले होते, माती भुसभुशीत केलेली होती, पाट साफ होता. ती कुदळ बाजूला टाकून लगबगीनं आली.

“या अक्का! मला वाटलंच तुमी याल. ताक नाही आज, म्हैस विकली.”

त्रिवेणीबाई विहिरीपाशी गेल्या. तळाचा कातळ दिसत होता, त्यावर एक तुटकी बादली.

“एवढ्यात आटली जरा,” सुशीलाबाई म्हणाली, जणू घरातलं कुणी जरा आजारी आहे. “लोक लई बोलायलेत मला. वकील आला होता ना सुनावणीच्या आधी, सगळ्यांच्या सह्या गोळा कर, कोर्टातनं थांबवू म्हणाला होता. कागद तयार होता. म्हाताऱ्याच्या खिशात होता. मीच म्हटलं, थांबा, आपली अक्का तिथं असते, तिला विचारू. तुमी सांगितलाव आणि मी कुणालाच सही करू दिली नाही. आता म्हणतात, तुझ्या अक्कानं बुडवलं. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तेलुगूत सांगणाऱ्यांनी फसवलं असेल, सेठनं फसवलं असेल, ती कशाला फसवील? ती आपल्यातली हाय. माझ्याशी आपल्या भाषेत बोलली.”

कुणाचं तरी नाव घ्यावं म्हणून बाईंनी मनात शोधलं. मिलिंद, सेठ, फोनवाले साहेब. सगळे जिथल्या तिथे होते, आणि त्यांतल्या एकानंही या बाईला काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं ते एकाच माणसानं. लाज वाटणं म्हणजे काय, हे त्या इतरांना इतकी वर्षं शिकवत आल्या होत्या, आणि आज ती अंगावर आली तेव्हा त्यांना विहिरीच्या कठड्याला धरावं लागलं.

“वाफे कशाला बांधलेत?” त्यांनी विचारलं.

“पाणी आलं की बी टाकायचं. रितेश म्हणतो, जमीन सेठला देऊन टाक, तो अजून घ्यायला तयार हाय. मी म्हटलं नक्को. अक्का म्हणाली काही होत नाही. जरा दम धरायचा.”

“सुशीलाबाई, ऐका माझं.” त्रिवेणीबाई म्हणाल्या. “पाणी येत नाही आता. खाण कातळापर्यंत गेली. तुमची विहीर गेली. मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोलले.”

सुशीलाबाईनं हळूच त्यांच्या दंडाला धरून त्यांना बांधावर बसवलं.

“उन्हाचं चालत आलाव, दमलाव,” ती म्हणाली. “असं काही बोलू नका. त्या दिवशी एवढ्या माणसांत, माइकावर बोललाव. तेच खरं.”

आणि कुदळ उचलून ती पुन्हा वाफ्यात उतरली.